बदरीनारायणाचं प्रस्थान: ठाणे ते मलंगगड

हिमालयातून पायी बदरीनारायणाला जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे. पहिली सूचना आधीच देतो, म्हणजे पुढचं वाचायचा त्रास वाचेल. जायचं असेल तर जा. त्यासाठी मंडळी स्थापन करू नका.

आम्ही केली. ठाण्यात टेंभीवर अण्णासाहेबांची ऐसपैस ओसरी आहे. अण्णासाहेब म्हणजे पेन्शनर मामलेदार. काम सुटलं, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. त्यांच्याखाली गोविंदमास्तर. ते शाळेत भूगोल शिकवतात आणि मुंबईच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. तिसरा मी, कचेरीतला दुय्यम कारकून. अध्यक्ष, चिटणीस आणि सभासद अशी तीन माणसांत वाटणी झाल्यावर यात्रेला जायला कोण उरलं, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही.

त्यांना हौस होती, मला गरज होती. माझी थोरली बहीण कल्याणला दिलेली. आम्ही तिला ताई म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे लहानपणी पडून एक भुवई तुटलेले आमचे भावोजी, लग्नानंतर पाचव्या वर्षी बदरीला म्हणून गेले. दिवाळीच्या सुमाराला जोशीमठाहून त्यांचं एक पत्र आलं, 'येतो' म्हणून. त्यानंतर काही नाही. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की शास्त्राप्रमाणे तो मेला. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, सुतक पाळायचं आणि बायकोचं कुंकू पुसून, केस उतरवून तिला सोवळी करायची. ती बारा वर्षं येत्या दिवाळीला भरत होती. ताई तिशीची. मी तिला शब्द दिला होता की, मुदतीच्या आत जोशीमठ गाठतो, भावोजी असतील तर आणतो, नसतील तर निदान खरं काय ते कळवतो.

हा शब्द दिला तेव्हा हाताशी दोन मोसम होते. तिकडची देवळं वैशाखात उघडतात आणि दिवाळीला बंद होतात, मधल्या दिवसांत काय ते उरकायचं. आम्ही पहिला मोसम बैठकांत घालवला.

आता प्रस्थानाचं सांगतो, कारण आमची सगळी प्रगती त्यातच झाली. मुहूर्त आज आहे आणि निघणं आज जमत नाही, तर काय करावं? सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ धुतलेल्या फडक्यात बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कोणाच्या घरी ती पुरचुंडी आधी नेऊन ठेवावी. आपण निघालो असं समजतात. पुढं पाच दिवसांत निघालं की झालं. मात्र ती पुरचुंडी परत घरी आणायची नाही. आणली तर यात्रा मोडली.

सोय उत्तम आहे. आमच्या हातात पडली आणि तिचं सोनं झालं. ताईचं कल्याणचं घर आमच्या वाटेवरचं, म्हणून प्रस्थान तिथं ठेवायचं ठरलं. पाच दिवस उलटले, निघणं झालं नाही. जोशीबुवांनी दुसरा मुहूर्त काढून दिला. दुसरी पुरचुंडी गेली. मग तिसरी. प्रत्येक वेळी मी सकाळच्या आगगाडीनं कल्याणला जाई, पुरचुंडी ताईच्या हातात देई, जेवून एक झोप काढी आणि संध्याकाळच्या गाडीनं ठाण्याला परत. दीड वर्षात बदरीनारायणाला मी असा बावीस वेळा निघालो.

दुसऱ्या मोसमाच्या चैत्रात अण्णासाहेबांना वाटलं, आता खरंच काहीतरी करायला हवं. "एकदम हिमालयात जाणं म्हणजे वेडेपणा," ते म्हणाले. "आधी तालीम पाहिजे. सगळं सामान घेऊन मलंगगडापर्यंत चालत जाऊ. तिथं काय कमी पडतं ते पाहू, आणि मग अक्षय्यतृतीयेला कूच."

मास्तरांनी विचारलं, "सगळं सामान म्हणजे तेवीसही डाग?"

"तेवीसही. डोंगरात मागावं कोणाकडे?"

तेवीस डागांत काय काय होतं ते यात्रेकरूंनी टिपून घ्यावं आणि त्यातलं काहीही नेऊ नये. चार पाट, सहाण आणि खोड, लोणच्याच्या दोन बरण्या, अण्णासाहेबांचा हुक्का, त्यांची आरामखुर्ची, आणि शाळेच्या भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा, मेणकापडात गुंडाळलेला. मास्तर म्हणाले, नकाशा नसेल तर चुकू. ठाण्याहून कल्याणला जाताना चुकायचं म्हणजे मेहनत घ्यावी लागते, पण असो.

रामनवमीनंतरच्या सोमवारी पहाटे निघालो. चार हमाल, आम्ही तिघे. कळव्याला जायला खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. तरवाल्यानं सामानाकडे पाहून विचारलं, "लगीन हाय का कुनाचा?"

"बदरीनारायणाला चाललोय," मास्तर म्हणाले.

त्यानं हात जोडले. त्याला खरोखर गहिवरून आलं असावं, कारण त्यानं आमचे पैसे घ्यायचं नाकारलं. "मंग माघारी कवा येनार?"

"बुधवारी," मी म्हटलं.

त्यानं जोडलेले हात सोडले आणि पैसे घेतले.

कळव्यापासून पारसिकच्या डोंगराला उजव्या हाताला ठेवत खाडीच्या कडेनं वाट जाते. ज्यांना चालायचं आहे त्यांनी ती सूर्य वर यायच्या आत संपवावी. एका बाजूला तापलेला दगड, दुसऱ्या बाजूला चमकणारं पाणी, मध्ये आपण. मुंब्र्यापर्यंत अण्णासाहेब आमच्याबरोबर होते. तिथं स्टेशन दिसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, पुढल्या मुक्कामाची व्यवस्था पाहायला कोणीतरी आधी पोचणं आवश्यक आहे. एवढी जबाबदारी आमच्यावर टाकणं त्यांना बरं वाटेना. ते गाडीत बसले.

पुढं दिव्याची मिठागरं. मिठाच्या पांढऱ्या ढिगांवरून डोळे दिपतात आणि सावलीला एक झाड नाही. मास्तरांनी नवे पुणेरी जोडे घातले होते. दिव्यानंतर ते त्यांनी हातात घेतले, आणि कोपरला विहिरीवर पाणी प्यायला थांबलो तेव्हा हमालाच्या टोपलीत टाकले. कोपरचं पाणी गोड आहे, तिथं पोटभर प्यावं, पुढं डोंबिवलीच्या शेतांतून कल्याणपर्यंत चांगलं पाणी नाही. आम्ही चारच्या सुमाराला लंगडत ताईच्या दारात पोचलो. अण्णासाहेब जेवून, झोपून, उठून चहा पीत होते. म्हणाले, "उशीर केलात. हिमालयात असं चालायचं नाही."

ताईनं पन्हं दिलं, गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकायला लावले, आणि मग मला आत फडताळापाशी नेलं. बावीस पुरचुंड्यांची उतरंड होती.

"विसू, तीन प्रस्थानं उंदरांनी खाल्ली," ती म्हणाली. "ती बदरीला पोचली असं समजायचं का?"

ताईची जीभ आमच्या घरात सगळ्यांत तिखट. लहानपणी मी तिच्या बोलण्यावर रडायचो. आता हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

जेवताना तिचे दीर दाजीबा माझ्या पंक्तीला होते. माणूस वाईट नाही. घाबरट आहे, आणि घरात लग्नाच्या दोन मुली आहेत. ताई वाढून आत गेली तसे हळूच म्हणाले, "दिवाळीनंतर मला थांबता यायचं नाही हो. लोक आत्ताच विचारतात. मुलींना बघायला येणारे आधी वहिनींच्या कपाळाकडे बघतात. तुम्ही जाऊन आलात तर उत्तम. नाहीतर पळसाची पानं मी सांगून ठेवली आहेत."

"अक्षय्यतृतीयेला निघतोय," मी सांगितलं.

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होता," दाजीबा म्हणाले आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी मलंगगडाचा पायथा गाठायचा होता. कल्याणपासून पाच कोस. सोवळ्यात स्वयंपाकाला कोणी हवं, म्हणून ताई बरोबर यायला तयार झाली. भाऊ बरोबर आहे म्हटल्यावर दाजीबांनी हरकत घेतली नाही. अण्णासाहेबांसाठी आणि डागांसाठी बैलगाडी केली. हिमालयात बैलगाडी चालत नाही, याची मास्तरांनी आठवण करून दिली, तेव्हा अण्णासाहेब म्हणाले की तालमीत सगळं हुबेहूब करायचं नसतं.

ताई अनवाणी चालत होती. तिच्याजवळ एक कांबळं, एक तांब्या आणि फडक्यात बांधलेलं सातूचं पीठ, एवढंच. अण्णासाहेबांनी गाडीतून हाक मारून सांगितलं, "बाई, तुमचंही सामान गाडीत टाका." ती म्हणाली, "हे एवढंच आहे." वाटेत तिनं मास्तरांना काही ना काही विचारायला सुरुवात केली. आगगाडी कुठपर्यंत जाते? सहारनपूरपर्यंत. मग हरिद्वार किती? बैलगाडीनं दोन-तीन दिवस. तिथून पुढं? पुढं पायी, महिना धरा. वाटेत चट्ट्या असतात, म्हणजे दुकानं. दुकानदाराकडून शिधा घ्यायचा, तो झोपायला जागा आणि भांडी देतो.

"मग पाट न्यावे लागत नाहीत?" ताईनं विचारलं.

मास्तरांनी मागं बैलगाडीकडे पाहिलं. "तसं पाहिलं तर नाही."

"आणि थंडी?"

"थंडीला कांबळं. वर गेल्यावर दुसरं विकत मिळतं म्हणतात. डोकं दुखलं, मळमळलं, तर बसायचं, हळू चालायचं, घाई करायची नाही."

मास्तरांची कळी अशी खुलली होती की ते पायाचे फोड विसरले. एवढी वर्षं शिकवून त्यांना इतक्या बारकाईनं कोणी विचारलं नसेल. मला म्हणाले, "तुमच्या बहिणीला भूगोलाची गोडी आहे हो." मीही मान डोलावली. अक्कल इतकीच.

पायथ्याला एका आंब्याखाली उतरलो. रात्र चांगली गेली. बुधवारी सकाळी चढायला लागलो. अण्णासाहेबांनी पायथ्यावरून देखरेख करायचं पत्करलं. गड चांगला खडा आहे. आधी रान, मग मोठमोठे धोंडे, आणि वर कातळ नुसता भिंतीसारखा उभा. मध्यावर मलंगबाबाचं स्थान आहे. तिथं हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलतात, आणि गूळ-फुटाण्याचं एक दुकानही आहे. ऊन चढायच्या आत तिथं पोचावं. मी दर पन्नास पावलांवर बसत होतो. मास्तर तीस पावलांवर. ताई एकदाही बसली नाही. आम्ही पोचलो तेव्हा ती पाणी पिऊन, दर्शन घेऊन, कठड्यापाशी वाऱ्यात उभी होती.

"मास्तर, हे किती उंच?" तिनं विचारलं.

मास्तरांना आधी श्वास घ्यावा लागला. "गडाचा माथा धरला तर अडीच हजार फूट."

"आणि बदरी?"

"दहा हजारांच्या वर."

ती मनाशी काही मांडत होती. "म्हणजे हे चार वेळा," ती म्हणाली. "एका दिवसात नाही ना चढायचं?"

"छे, महिन्यात."

"मग काय," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

दुपारी आंब्याखाली बैठक भरली. अण्णासाहेब आरामखुर्चीत, आम्ही पाटांवर. पाटांचा तेवढाच काय तो उपयोग झाला. तालमीत जे जे उणं दिसलं त्याची त्यांनी यादी सांगितली. मास्तरांचे जोडे. माझा दम. हमाल चार कमी पडतात, सहा हवेत. हुक्क्याला वाऱ्याचा त्रास होतो. तंबू नाही. इतक्या अपुऱ्या तयारीनं निघणं हे देवाचीच परीक्षा पाहणं होईल, सबब यात्रा पुढल्या वर्षी अक्षय्यतृतीयेला करावी. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा.

मास्तरांनी हात वर केला. त्यांच्या पायांकडे पाहता तो त्यांचा हक्क होता.

मग माझा हात वर गेला. हे लपवायचं असतं तर हा वृत्तांत लिहिलाच नसता. मला कारणं होती. साहेब सहा महिन्यांची रजा देतो की नाही ही धाकधूक होती, घरी बायको पोटुशी होती, आणि सकाळी त्या कड्याखाली माझं काळीज असं धडधडत होतं की मी तिथंच मरतो असं वाटलं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटली. ठराव एकमतानं पास झाला. ताई त्या वेळी कढी वाढत होती. तिनं माझ्या वाटीत कढी घातली, आणखी हवी का विचारलं, आणि पुढं गेली.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर ती माझ्याबरोबर चालत होती.

"विसू, पुढल्या अक्षय्यतृतीयेला तू निघालास की मी दारात तुला ओवाळायला नसेन. सोवळ्या बाईनं पुढं यायचं नसतं," ती म्हणाली. "तेव्हा आत्ताच सांगते, सांभाळून जा."

मग तिनंच विषय बदलला. मास्तरांना म्हणाली, त्या चट्ट्यांची नावं ओळीनं लिहून द्याल का? प्रस्थानांबरोबर फडताळात जपून ठेवीन. मास्तरांनी बैलगाडीच्या कंदिलाच्या उजेडात बसून दोन्ही बाजूंनी कागद भरून दिला, गावं, कोस, कुठं पाणी आहे, कुठं नदीवर झुला आहे. ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आम्ही ठाण्याला परतलो आणि मी पायांना तेल लावून दोन दिवस पडून राहिलो.

वैशाखात, अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दाजीबा ठाण्याला माझ्या दारात. टोपीसुद्धा डोक्यावर नाही.

"वहिनी गेल्या," ते म्हणाले.

माझ्या मनात आलं ते विहिरीचं. कुठल्या विहिरीत, असं मी विचारलं.

"तसं नव्हे हो. बदरीला गेल्या. बाजारातल्या गुजरात्यांच्या बायकांचा संघ निघाला होता, त्यांच्याबरोबर. पाटल्या मोडल्या. आणि तुमच्या त्या पुरचुंड्या सगळ्या घेऊन गेल्या. शेजारणीला सांगून गेल्या की, प्रस्थान ठेवलं की कोणीतरी निघावं लागतं."

दाजीबा रडत होते आणि चिडलेही होते. मी हसायला लागलो, आणि मग माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. मला आनंद झाला होता. लाजही तेवढीच वाटत होती. दोन्ही एकदम वाटू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर श्रावण संपेपर्यंत मी रोज टपालवाल्याची वाट पाहिली. वाटेत पटकी असते हे यादीत कोणी लिहिलं नव्हतं. भाद्रपदात जोशीमठाहून कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं, पण बोलणं तिचंच. तेच इथं देतो, कारण या वृत्तांतात खऱ्या प्रवासाचं एवढंच काय ते आहे.

'चि. विसू यास आशीर्वाद. सुखरूप पोचले. उंदरांनी खाल्लेली तीन सोडून तुमची सगळी प्रस्थानं बदरीनारायणाच्या पायाशी ठेवली. अण्णासाहेबांना सांग, आता निघायला हरकत नाही. पाय सुजले होते, उतरले. तुमच्या मलंगाएवढा चढ इथं रोजचा आहे, बायका बोलत बोलत चढतात. यांचा अजून पत्ता नाही. एका चट्टीवाल्याला तुटलेल्या भुवईचा माणूस आठवतो, पण कधीचा ते आठवत नाही. थंडीत देऊळ बंद होतं, तेव्हा मी इथं पंड्यांच्या घरी स्वयंपाकाला राहीन, आणि बर्फ वितळलं की पुढच्या गावांतून विचारीन. काळजी करू नये. इथल्या बाजारात कुंकू चांगलं मिळतं. दोन वर्षांचं घेऊन ठेवलं आहे.'

दिवाळी झाली. बारा वर्षं भरली. दाजीबा कार्ड हातात घेऊन माझ्याकडे आले. पळसाची पानं आली होती, जोशीबुवा घाई करत होते.

"त्या इथं नाहीत, तरी विधी करता येतो म्हणतात," दाजीबा म्हणाले. "विधी झाला की तिकडे कळवायचं, म्हणजे त्यांना कुंकू उतरवावं लागेल. मला हे आवडतं का? पण करायचं काय, तुम्हीच सांगा."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनाही नको होतं. नको म्हणायला त्यांना कोणीतरी हवं होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात यात्रेच्या उपयोगाचं काहीतरी आलं.

"एवढं मोठं कार्य घाईनं करू नका," मी म्हटलं. "त्याची आधी मंडळी नेमू."

मंडळी तीच. अध्यक्ष अण्णासाहेब, चिटणीस मास्तर, ओसरी टेंभीवरची. पहिल्या बैठकीत अण्णासाहेबांनी पानं पाहिली आणि ती अपुरी ठरवली. दुसरीत मास्तरांनी शंका काढली की, भुवई तुटलेला माणूस चट्टीवाल्यानं कधी पाहिला हे कळल्याशिवाय बारा वर्षं कुठून मोजायची? त्यावर जोशीमठाला पत्र पाठवावं असं ठरलं. पत्राचा मसुदा तिसऱ्या बैठकीला येईल. माझ्याकडे पाहून मास्तर डोळे मिचकावत होते की त्यांना ऊन लागत होतं, ते मला सांगता येणार नाही. जोशीबुवा दोन्ही बैठकांना आले, चिवडा खाऊन गेले.

मी अजून ठाण्यातच आहे. घरात मुलगी झाली आहे, रजेचा अर्ज लिहिलेला आहे, दिलेला नाही. वाचकांना विनंती की, आपण तिकडे जाल तर जोशीमठाला पंड्यांच्या घरी चौकशी करावी आणि ताईला माझा नमस्कार सांगावा. पुतळ्याचं प्रकरण मंडळीनं सध्या फाल्गुनावर टाकलं आहे. आमच्या कामाची गती मला ठाऊक आहे, म्हणून दोन वर्षांचं कुंकू पुरायचं नाही, आणखी घेऊन ठेव, असं मी तिला कालच्याच टपालानं कळवलं.